समजलं असेल तर मिस कॉल द्या

आमच्या गावचा नाला उन्हात येतो. धुळ्याला कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही. पाऊस पडतो तो वर सातपुड्यात. इकडे माणसं कपाशीत निंदणी करत असतात, डोक्यावर कडक ऊन असतं, आणि कोरड्या दगडगोट्यांवरून आधी काडी-पाचोळा सरकत येतो. त्याच्या मागोमाग लाल पाणी. थोड्या वेळात फरशी दिसेनाशी होते. फरशी म्हणजे पाइपांवर ओतलेला काँक्रीटचा बुटका रस्ता. आमच्याकडे पूल म्हणून तेवढंच आहे.

गाव आणि जिल्हा परिषदेची शाळा नाल्याच्या एका बाजूला, शिरपूरच्या रस्त्यावर. दुसऱ्या बाजूला मळ्यांतून राहणारी घरं. तिथली मुलं रोज फरशी ओलांडून शाळेत येतात. पाणी आलं तर मुलांना शाळेत थांबवता येतं, त्याची काळजी नाही. काळजी असते ती त्यांना घ्यायला येणाऱ्यांची. शाळा सुटायची वेळ झाली की पलीकडची मोठी माणसं पोरांसाठी पाण्यात उतरतात. मी सातवीत असताना एका काकूंना पाण्याने ओढून नेलेलं मी काठावरून पाहिलं होतं. खाली बाभळीला अडकल्या म्हणून वाचल्या. त्यानंतरही लोक उतरायचे राहिले नाहीत. पलीकडे कळवणार कसं, हाच प्रश्न होता.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय शोधा असं सरांनी सांगितलं, तेव्हा बाकीच्यांकडे विषय तयार होते. चेहरा ओळखून हजेरी, रोग ओळखणारं अ‍ॅप वगैरे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कशाला विषय म्हणतात हेच मला नीट कळत नव्हतं. मी घाबरत घाबरत नाल्याचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि वहीत इंग्रजीत लिहिलं : शाळांसाठी मास इमर्जन्सी नोटिफिकेशन सिस्टिम. आमच्या नाल्याला एवढं मोठं नाव मिळालेलं पाहून मला कसंतरीच झालं. घरी जाताना एसटीत खिडकीकडे तोंड करून मी ते नाव हळूच म्हणून पाहिलं, अडखळू नये म्हणून.

सरांनी पहिल्याच बैठकीत आमच्या गटातल्या तिघींना विचारलं, "रिलायेबल म्हणजे काय?"

मी म्हणाले, "बंद न पडणारं."

"बंद न पडणारं काही नसतं. बंद पडेल हे धरून चालायचं. एक वाट तुटली तर दुसरी तयार हवी."

मला हे फार आवडलं. मग मी प्रत्येक गोष्टीकडे तसंच पाहायला लागले. लाइट गेली तर? बॅटरी लावली. लाइट गेल्यावर आमच्याकडे एका कंपनीचा टॉवर थोड्याच वेळात मान टाकतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. व्हॉट्सअ‍ॅप चालेल का? मोठे फोन तरुण मुलांकडे, आणि ती बरीचशी सुरतेला कामाला. घरी उरलेल्यांकडे बटणांचे फोन. मेसेज वाचणारे थोडे. म्हणजे बोलणारा फोनच हवा. आम्ही सिमकार्ड घालायचं एक लहान मशीन जुळवलं. बटण दाबलं की ते पलीकडच्या घरांना एकामागून एक फोन लावायचं आणि रेकॉर्ड केलेली सूचना वाजवायचं. आवाज माझाच होता. गटातल्या बाकीच्या दोघी म्हणाल्या, गाव तुझं, तूच बोल.

उन्हाळ्यात पहिली चाचणी घेतली. पालकसभेत बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, येईल त्या फोनमध्ये 'शाळा' म्हणून नंबर घालून दिला होता, नाहीतर लोक कर्जवाल्या कंपनीचा फोन समजून कापतात. ठरलेल्या दिवशी बाईंनी शाळेत बटण दाबलं. बाकी सगळी घरं पलीकडची, पण घरी बसून ऐकावं म्हणून मी आईचाही नंबर घातला होता. मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. फोन वाजला. तिने कोपराने स्पीकर चालू केला.

"सूचना," माझा आवाज म्हणाला. "नाल्याला पाणी येत असल्यामुळे..."

"हॅलो? हां, बोल वं. आवाज येस."

"...विद्यार्थ्यांना शाळेत थांबवण्यात आले आहे..."

"जेवन करं का? हॅलो? काय म्हनी ऱ्हायनी?"

"...पालकांनी कृपया नाला ओलांडू नये. धन्यवाद."

आई फोनकडे बघत राहिली. "कट करी दिधा. काय पोर शे, मायसंगे बोलाले टाइम नही."

"माय, मी आठेच बठेल शे."

"ते दिसस माले. पन फोनमा तूच व्हती ना?"

"हो, पन मी काय सांगं ते ऐकं का?"

"पाऊसनं काहीतरी. मी इचारी ऱ्हायंती अन् तू आपली बोलीच ऱ्हायंती. असं बोलतस का कोनशी?"

मी हसले, पण मग गंभीर झाले. संध्याकाळी फरशी ओलांडून पलीकडच्या घरांतून फिरले. सगळीकडे तेच. एका नानांनी 'कोन बोलस, कोन बोलस' करता करता पूर्ण सूचना संपवली होती आणि समोरचा उर्मट आहे म्हणून चिडून बसले होते. एका अक्कांना तर फक्त 'धन्यवाद' ऐकू आलं होतं. "कसाना धन्यवाद? आम्ही काय करं?" त्यांनी मला विचारलं. मशीनच्या हिशेबात मात्र प्रत्येक फोन उचलला गेला होता आणि शेवटपर्यंत चालला होता. तिथे सगळ्यांपुढे 'पोचला' असंच उमटलं होतं.

पोचलं म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला. मी लोकांचं फोनवरचं बोलणं ऐकायला लागले. शिरपूरच्या स्टँडवर, हॉस्टेलच्या जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी. हे चांगलं नाही हे मला कळत होतं, पण राहवायचं नाही. माझ्या लक्षात आलं की फोन उचलल्यावर सुरुवातीला आमच्याकडे कुणीच काही ऐकत नाही. तेव्हा आपण फक्त समोरचं माणूस आहे ना, एवढी खात्री करत असतो. हॅलो, आवाज येतो का, कुठे आहे, जेवण झालं का. भर दुपारी तीनलाही जेवण झालं का. त्याचं उत्तर मिळालं की मग कान उघडतो.

म्हणून मी सूचना पुन्हा रेकॉर्ड केली. आधी "राम राम. आवाज येस का?" मग गप्प. तेवढ्यात समोरचा "हो, येस" म्हणेल. मग "जेवन व्हयनं का?" पुन्हा गप्प. मग, "मी शाळामाईन बोली ऱ्हायनी. आते ध्यान दीसन ऐका." आणि मग नाल्याचं, मुलं शाळेत आहेत, त्यांना घ्यायला येऊ नका, असं. शब्दही घरचेच, अहिराणीचे वापरले. विद्यार्थ्यांना थांबवण्यात आलं आहे असं आमच्याकडे कोण बोलतं?

कॉलेजात हे ऐकवलं तेव्हा मागच्या बाकांवर हशा झाला. सर म्हणाले, "पूर येतोय आणि तुम्ही जेवण झालं का विचारताय?"

मी म्हणाले, "सर, तोपर्यंत ते ऐकत नाहीत."

माझा आवाज बहुतेक फार बारीक आला असेल. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण ऐकलं हे तुम्हाला कसं कळणार? पावती हवी."

पावतीसाठी 'एक दाबा' ठेवून पाहिलं. कुणी एक दाबलं नाही. लोक फोनला तोंडाने 'हो, समजनं' सांगत होते. मग बाईंना मिस कॉल सुचला. आमच्याकडे माणूस सुरतेला उतरला की घरी मिस कॉल देतो, म्हणजे सुखरूप पोचलो. शेतावर डबा हवा असला की मिस कॉल. ते कुणाला शिकवावं लागत नाही. सूचनेच्या शेवटी मी वाक्य जोडलं : समजनं व्हई तर शाळाले मिस कॉल द्या. मिस कॉल घ्यायला ऑफिसमधल्या फोनात वेगळं सिम ठेवलं आणि त्याचा नंबरही बाईंनी सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिला. यावेळी चाचणी घेतली तर ऑफिसमधला फोन एकेक ठोका वाजत राहिला. बाई खूश झाल्या. मीही.

श्रावणात एकदा बॅटरी बदलायला मी शाळेत गेले होते. दुपारची वेळ, लख्ख ऊन. वरच्या पाड्यावरच्या शाळेतल्या सरांचा बाईंना फोन आला की इकडे खूप पडतोय, नाला तुमच्याकडे निघालाय. बाईंनी मला विचारलं, "लावू?" मी मान हलवली. चाचणी नव्हती ही.

त्यांनी बटण दाबलं. मशीन फोन लावत गेलं आणि थोड्याच वेळात दुसरा फोन वाजायला लागला. एक ठोका आणि गप्प. पुन्हा एक ठोका. बाई प्रत्येक वेळी नाव सांगायच्या, "ह्यांचा आला. ह्यांचाही आला." पलीकडच्या मुलांना एका वर्गात बसवलं होतं, ती खिडकीतून नाला दिसतो का बघत होती.

शेवटी एकच घर राहिलं. तिसरीतल्या एका मुलीचे आजोबा. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मुलीचे आईवडील सुरतेला, घरी ती आणि आबा एवढीच. आबा रोज तिला न्यायला फरशीवरून येतात, एकही दिवस चुकवत नाहीत. मशीन सांगत होतं की आबांनी फोन उचलला आणि शेवटपर्यंत ऐकला. पण मिस कॉल नाही. बाईंनी स्वतःच्या फोनवरून लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"ऐकलं असेल," मी म्हणाले.

"ऐकलं असतं तर दिला असता. मागच्या चाचणीला पहिला त्यांचाच आला होता," बाई म्हणाल्या. मग त्या मुलीकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "निघाले असतील."

तिसरीचे गुरुजी आणि मी नाल्याकडे चालत निघालो, मग पळायला लागलो. रस्ता कोरडा, पायाखाली धूळ, आणि पुढून आवाज येत होता, ट्रकांची रांग जावी तसा. वळणावरून खाली पाहिलं. फरशी अर्धी बुडाली होती. आणि पलीकडे, काँक्रीट जिथे पाण्यात जातं बरोबर तिथे, आबा उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"आबा, मागे!" गुरुजींनी हाक मारली.

आबांनी कानामागे हात धरला आणि एक पाऊल पुढे आले.

"आबा, येऊ नका," मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

ते काहीतरी बोलले. आवाजात काहीच कळलं नाही. आणखी एक पाऊल पुढे आले. पाणी त्यांच्या चपलांवरून जायला लागलं. गुरुजी पुन्हा ओरडले आणि आबा पुन्हा पुढे सरकले, मान पुढे काढून, नीट ऐकू यावं म्हणून.

तेव्हा मला दिसलं काय होतंय ते. आमच्या प्रत्येक हाकेला ते पुढे येत होते. मी गुरुजींचा हात धरला आणि म्हटलं, "गुरुजी, गप्प बसा. बोलूच नका." आणि मी तिथेच रस्त्यावर खाली बसले. गुरुजींना आधी कळलं नाही, पण तेही बसले. मला अजून सांगता येत नाही हे मला त्या वेळी कसं सुचलं.

आबा थांबले. आम्ही बसलेले पाहून त्यांनाही काही करायचं उरलं नाही. मग त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. तो आम्हाला दिसेल असा उंच धरला, कानाला लावला, आणि जोरजोरात होकारार्थी मान हलवली. दोनदा. तीनदा. हाताने 'तिकडे राहू दे' अशी खूण केली, शाळेकडे बोट दाखवून. मग वळले आणि चढावर चालत निघून गेले. धोतर त्यांनी चालता चालताच सोडलं.

गुरुजी मला म्हणाले, "हे कशाला आले होते मग?"

पोरं त्या दिवशी शाळेतच जेवली. संध्याकाळी पाणी उतरल्यावर माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. आबाही आले. मी ऑफिसच्या पायरीवर त्यांची वाट बघत होते.

"आबा, फोन बंद व्हता का?"

"काबरं बंद राही? चालू व्हता. तू बोलनी ते बठ्ठं ऐकं मी. राम रामपाईन. बाईना फोन तेवढा नालाना आवाजमा ऐकू नही उना."

"मंग मिस कॉल काबरं नही दिधा?"

"मना फोनवरथून बाहेर लागस नही आते. रिचार्ज सरी गया. येनारा येतस, जानारा जातस नही. लावा तर ती बाई बोलस, पैसा भरा म्हनस."

हे मला ठाऊक होतं. रिचार्ज संपलं की येणारे फोन काही दिवस चालू राहतात आणि जाणारे बंद होतात. वसतिगृहात माझंही असं झालेलं आहे. पण लाइट, टॉवर, सिम सगळ्यांना 'इथं तुटलं तर?' विचारताना हे मी विचारलंच नव्हतं.

"पन आबा, येऊ नका, असं बी सांगं व्हतं ना मी?"

आबांना माझं नवल वाटलेलं दिसलं. "तू म्हनी, पोरले लेवाले येऊ नका. मी पोरले लेवाले कुठे उनू? मी सांगाले उनू." नातीला न्यायला नव्हे, काहीतरी सांगायला आलो होतो, असं त्यांचं म्हणणं.

"काय सांगाले?"

"समजनं म्हनीसन. तू इचारं ना, समजनं तर कळवा? मंग फोन लागत नही तर मानूस काय करी? पाय शेतस ना." मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून ते बाईंना म्हणाले, "बाई, तुमनी पोर चांगली शिकनी, पन इचारीसन मंग सांगू देत नही. मी बोली ऱ्हायंतू तर खाली बठी गयी."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. नात आबांची बंडी ओढत होती, घरी चला म्हणून. ती दोघं फरशीवर साचलेला गाळ चुकवत पलीकडे गेली.

त्या रात्री मी घरीच होते, पण जेवणात लक्ष नव्हतं. आबा पाण्यापाशी आले ते माझ्या वाक्यामुळे. ते वाक्य नसतं तर ऐकून घरी बसले असते. ते शिकलेले नाहीत म्हणून चुकले असं मला वाटत नाही. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढं ते पाळत होते. सरांनी पावती हवी म्हटलं होतं तेव्हा पावती देणाऱ्याला ती देताना कुठे जावं लागेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सकाळी बाईंकडे गेले. मी म्हटलं, मिस कॉलचं वाक्य काढून टाकू. बाई म्हणाल्या, "काढलं तर मला कळणार कसं?" ठेवलं तर आबांसारखं कुणीतरी पुन्हा येणार. शेवटी वाक्य ठेवलं आणि पुढे आणखी जोडलं : मिस कॉल जात नसेल तर घरीच बसा, शेजारच्याला सांगा, तो देईल. शेजारीही नसेल तर काही करू नका. तुम्हाला समजलं असं आम्ही धरू. हे शेवटचं म्हणताना माझा आवाज जरा अडखळला. बाई म्हणाल्या, राहू दे तसंच.

धुळ्याला सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "असे किती?"

"एक, सर."

"मग मर्यादा म्हणून लिहा. शेवटच्या पानावर."

मी लिहिलं. पण लिहिताना मला खात्री नव्हती की ही सिस्टिमची मर्यादा आहे की माझ्या विचारण्याची. सरांना ते विचारायचं होतं, विचारलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या सरांनी विचारलं तर सांगू, असं ठरवलं आहे.

भादव्यात नाला पुन्हा आला. मी तेव्हा लॅबमध्ये होते. बाईंचा फोन आला. आधी जेवण झालं का विचारलं, मग म्हणाल्या, "पाणी आलंय. सगळ्यांना फोन गेले. आबांचा मिस कॉल नाही."

"मग?"

"मग काही नाही. ते घरी आहेत. पलीकडे काठावर कोणी नाही."

"कसं कळलं?"

"येऊन पाहिलं," बाई म्हणाल्या. "इथेच उभी आहे."

फोनमध्ये पाण्याचा आवाज येत होता. बाई शाळेत परत पोचेपर्यंत मी फोन ठेवला नाही.